विचारण्याची रीत

मराठी विकिपीडियावरचा 'मराठी' या नावाचा लेख एखाद्या स्क्रिप्टला हवा आहे, असं धरून चालू. माणूस शोधपट्टीत पाच चिन्हं टाइप करतो: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे या एवढ्याशा शब्दाचे १५ बाइट होतात. वेबच्या पत्त्यात ते जसेच्या तसे पाठवायची मुभा नाही. प्रत्येक बाइटच्या जागी एक टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे दोन अंक-अक्षरं लिहावी लागतात, आणि पाच चिन्हांच्या शब्दाची ४५ चिन्हांची माळ होते. ही माळ पत्त्याला जोडायची, सुरक्षित जोडणी उघडायची, समोरचा सर्व्हर खरोखर विकिपीडियाचाच आहे ना हे त्याचं प्रमाणपत्र पाहून पडताळायचं, आपण कोण विचारतोय ते विनंतीच्या मथळ्यात सांगायचं, दाबून भरलेलं उत्तर आलं तर ते उलगडायचं आणि जेसन या मांडणीत आलेल्या सांगाड्यातून नेमका मजकूर बाहेर काढायचा. पायथनमध्ये हे सगळं दोन-तीन ओळींत होतं, कारण बाकीचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. त्या करून ठेवलेल्या कामाला क्लायंट लायब्ररी म्हणतात.

एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला प्रश्न विचारण्याची ठरलेली खिडकी. वेबवर ती २०००च्या सुमारास उघडू लागली. सेल्सफोर्स आणि ईबे यांनी त्याच वर्षी आपापल्या खिडक्या उघडल्या, पुढे फ्लिकर आणि ट्विटर आले. आज हवामान, रेल्वेची वेळापत्रकं, जनुकांचे क्रम, उपग्रहांची छायाचित्रं अशा कितीतरी गोष्टी याच वाटेने मागवल्या जातात. मागवणारे बहुतेक जण पायथन, पर्ल, पीएचपी, रुबी किंवा जावास्क्रिप्ट अशा स्क्रिप्टिंग भाषांत लिहितात, कारण प्रश्न विचारण्याचं काम लहान असतं आणि लवकर उरकायचं असतं. त्यामुळे अशा लायब्ऱ्यांची ओळख 'कष्ट वाचवणारं साधन' एवढीच करून दिली जाते. कष्ट वाचतात, यात वाद नाही. पण या प्रकरणात मला मांडायचं आहे ते त्यापलीकडचं. क्लायंट लायब्ररी लिहिणारा माणूस हजारो अनोळखी लोकांच्या वतीने असे निर्णय घेऊन ठेवतो, जे ते लोक स्वतः कधी घेणार नसतात. कुणावर विश्वास ठेवायचा, किती वेळ थांबायचं, उत्तर अपुरं आलं तर काय करायचं, समोरच्याला श्वास घ्यायला किती उसंत द्यायची, हे सगळं त्या निर्णयांत येतं. वेबवरच्या प्रोग्रॅमांची वागणूक जी काही चांगली किंवा वाईट आहे, ती मोठ्या प्रमाणात या लायब्ऱ्यांच्या डिफॉल्टमधून, म्हणजे वापरणाऱ्याने काही सांगितलं नाही तर आपोआप लागू होणाऱ्या निवडींतून, आलेली आहे.

पहिला पुरावा विश्वासाचा. २०१२मध्ये स्टॅनफर्ड आणि टेक्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डॅन बोने आणि विताली श्मातिकोव्ह हे त्याच्या लेखकांपैकी दोघे. ब्राउझर सोडून इतर सॉफ्टवेअर सर्व्हरचं प्रमाणपत्र कसं तपासतं, हे त्यांनी पाहिलं, आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्या नामांकित कंपन्यांनी दिलेल्या लायब्ऱ्यांतही ही तपासणी फोल असल्याचं त्यांना आढळलं. त्यांनी दाखवलेली एक चूक जवळून पाहण्यासारखी आहे. कर्ल या लायब्ररीत यजमानाचं नाव पडताळण्यासाठी एक पर्याय आहे आणि त्याला तेव्हा तीन किमती होत्या. शून्य म्हणजे पडताळू नको. एक म्हणजे प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे एवढंच बघ. दोन म्हणजे ते नाव आपण ज्याच्याशी बोलतोय त्याच्याशी जुळतं का ते बघ. पीएचपीत लिहिणाऱ्या अनेकांनी या पर्यायापुढे 'खरे' अशा अर्थाचा शब्द लिहिला. 'हो, पडताळ' असं सांगायचा त्यांचा हेतू होता. पण पीएचपी त्या शब्दाचं रूपांतर एक या आकड्यात करतं, आणि एक म्हणजे कुठलंही नाव चालेल. दार बंद करायला गेलेल्या माणसाच्याच हातून कडी निघाली. मनाला लागतं ते पुढचं: त्या पर्यायाचं डिफॉल्ट मुळात दोनच होतं. त्यांनी त्याला हात लावला नसता, तर ते सुरक्षित राहिले असते.

या चुकीचा दोष कुणाचा? 'दस्तऐवज वाचला नाही' असं म्हणून प्रोग्रॅमरवर तो टाकता येतो. पण एकच चूक इतक्या ठिकाणी, इतक्या जाणत्या लोकांकडून होते, तेव्हा खोट वस्तूच्या घडणीत असते. ज्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर सुचतं, तिथे तिसरी किंमत ठेवणं हाच सापळा होता. कर्ल सांभाळणाऱ्यांनी तो ओळखला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या आवृत्तीपासून एक हा आकडा नाकारला जाऊ लागला, आणि २०१९पासून एक आणि दोन यांचा अर्थ सारखाच झाला. ती ओळ लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट जगभर तशाच पडून होत्या. त्यातल्या ज्यांच्या खालची लायब्ररी नवी झाली, त्यांतलं भोक आपोआप बुजलं. ती लिहिणाऱ्यांना त्याची गरज होती हेही कदाचित कळलं नसेल. पायथनची कथाही याच वळणाची. भाषेसोबत येणारी वेब-विनंतीची लायब्ररी कित्येक वर्षं प्रमाणपत्र तपासतच नव्हती. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षित जोडणीची खूण दिसायची, मजकूर कुलूपबंद होऊन जायचा, पण तो कुणाच्या हाती पडतोय हे कुणी बघत नव्हतं. २०१४च्या डिसेंबरात आलेल्या २.७.९ या आवृत्तीत तपासणी हे डिफॉल्ट झालं. केनेथ राइट्झ यांनी २०११मध्ये आणलेल्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीत ही तपासणी त्याआधीच डिफॉल्ट होती. ज्यांनी निव्वळ सुटसुटीत वाटते म्हणून रिक्वेस्ट्स उचलली, त्यांना सुरक्षितता न मागता मिळाली.

दुसरा पुरावा अपुऱ्या उत्तरांचा, आणि माझ्या मते तो पहिल्याइतकाच गंभीर आहे, कारण इथे बिघाड झाला तरी कसलाच आवाज होत नाही. मराठी विकिपीडियाच्या एखाद्या वर्गात कोणते लेख आहेत, असं विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या एपीआयला विचारलं आणि आणखी काही सांगितलं नाही, तर दहा नावं परत येतात. मर्यादा वाढवून मागितली तर साधारण खात्याला एका वेळी ५०० मिळतात, सांगकाम्या (बॉट) खात्याला ५०००. वर्गात त्याहून अधिक लेख असतील तर उत्तराच्या सोबत एक खूण येते: अजून आहे, पुढचं हवं असेल तर हा धागा परत पाठवा. ती खूण न वाचणाऱ्या स्क्रिप्टला कोणतीही त्रुटी दिसत नाही. यादी येते, मोजली जाते, तक्ता तयार होतो, आणि तक्त्यात ५०० हा गोल आकडा बसतो. भाषेच्या अभ्यासकाने त्यावर निष्कर्ष काढला तर तो निष्कर्ष चुकीचा असतो आणि चूक शोधायला कुणी जात नाही. पायविकिबॉट ही विकिपीडियासाठीची पायथन लायब्ररी वर्गातले लेख मागितल्यावर हा धागा स्वतः पकडून ठेवते. वापरणाऱ्याच्या हातात एकामागून एक लेख येत राहतात आणि मधे किती फेऱ्या झाल्या ते त्याला दिसतही नाही. त्या धाग्याची रचनाही मधल्या काळात बदलली. जुन्या पद्धतीत पुढचं पान मागायचं कसं, हे विचारणाऱ्याने बऱ्याच अंशी स्वतः जुळवायचं होतं आणि त्यात हमखास गोंधळ व्हायचे. मीडियाविकीच्या १.२१ या आवृत्तीत नवी, सोपी पद्धत आली आणि १.२६मध्ये तीच डिफॉल्ट झाली. ज्यांनी विनंत्या हाताने लिहिल्या होत्या त्यांना आपापल्या स्क्रिप्ट उघडून दुरुस्त कराव्या लागल्या. लायब्ररी वापरणाऱ्यांचं ते काम लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी केलं.

लायब्ररी सगळंच सांभाळते असं मात्र नाही, आणि मराठीत लिहिणाऱ्याने एक मर्यादा नीट ध्यानात ठेवायला हवी. 'दऱ्या' आणि 'दर्या' या शब्दांतला फरक आपल्याला डोळ्यांनी कळतो. एकात डोंगर आहेत, दुसऱ्यात समुद्र. पण दऱ्यांमधला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बाइट मात्र वेगळे. युनिकोडच्या ठरलेल्या प्रमाणीकरणात र आणि नुक्ता मिळून झालेला ऱ आणि एकसंध ऱ हे एक होतात, पण जोडचिन्हाचा प्रकार वेगळाच राहतो. म्हणजे 'दऱ्या' असं विचारणारी स्क्रिप्ट 'सापडत नाही' असं उत्तर घेऊन येऊ शकते, जरी तो लेख डोळ्यांसमोर असला तरी. हे ज्ञान वेबच्या विनंतीचं नव्हे, मराठी लिपीचं आहे, आणि सर्वसाधारण लायब्ररी लिहिणाऱ्याकडून त्याची अपेक्षा ठेवता येत नाही. ते मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनीच आपल्या हत्यारांत घालायचं आहे.

आता शिष्टाचाराकडे येऊ, कारण माझ्या मांडणीचं मूळ तिथे आहे. वेबच्या अगदी सुरुवातीच्या काळात, १९९४मध्ये, रॉय फील्डिंग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत होते. पर्ल भाषेसाठी वेबची एक लायब्ररी त्यांनी तिथे लिहिली. हेच फील्डिंग पुढे २०००मध्ये आपल्या प्रबंधात रेस्ट ही संकल्पना मांडणार होते, जिच्या नावावर आजचे बहुतेक एपीआय चालतात. त्याच १९९४मध्ये मार्टिन कोस्टर यांनी रोबॉट्स फाइलची कल्पना मांडली: स्वयंचलित प्रोग्रॅमांनी आपल्या संकेतस्थळावर कुठे यावं आणि कुठे येऊ नये, हे मालकाने एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. फील्डिंग यांच्या कामावर उभं राहून गिस्ले आस आणि कोस्टर यांनी पर्लच्या पाचव्या आवृत्तीसाठी जी लायब्ररी केली, तीत यंत्रमानवी प्रोग्रॅमांसाठी एक खास भाग आहे. तो सुरू करतानाच प्रोग्रॅमचं नाव आणि माणसाचा ईमेल पत्ता द्यावा लागतो. त्याशिवाय तो चालत नाही. तो रोबॉट्स फाइल आपणहून वाचतो आणि पाळतो. आणि एकाच सर्व्हरला दोन विनंत्या करताना मधे तो डिफॉल्ट म्हणून एक मिनिट थांबतो. पूर्ण एक मिनिट! आजच्या सवयीला हे फार वाटतं, आणि हवं तर ते कमी करता येतं. पण ते कमी करण्यासाठी एक ओळ जाणीवपूर्वक लिहावी लागते, आणि ती लिहिताना आपण काय करतोय याचा विचार होतो. रोबॉट्स फाइलला इंटरनेटच्या मानकाची कागदोपत्री ओळख मिळायला २०२२ उजाडलं. तोपर्यंतची अठ्ठावीस वर्षं ती रीत ज्यांच्या जोरावर टिकली, त्यांत तिला आपल्या कोडमध्ये जागा देणाऱ्या लायब्ऱ्या होत्या.

पायविकिबॉट याच परंपरेतली. तिचं डिफॉल्ट असं, की विकिपीडियावर एक बदल साठवल्यावर दुसऱ्या बदलाआधी दहा सेकंद थांबायचं. वाचायची पानं सुटी सुटी न मागता पन्नासांचा गठ्ठा करून मागायची सोयही तिच्यात आहे, म्हणजे पन्नास फेऱ्यांचं काम एका फेरीत होतं. आणि प्रत्येक विनंतीसोबत ती पाच हा आकडा पाठवते. विकिपीडियाचा मजकूर एका मुख्य संगणकावर लिहिला जातो आणि इतर संगणकांवर त्याच्या नकला होतात. गर्दी वाढली की नकला मागे पडतात. 'नकला पाच सेकंदांहून अधिक मागे असतील तर मला आत्ता उत्तर देऊ नका, मी नंतर येतो,' असं तो आकडा सर्व्हरला सांगतो. गर्दीच्या घटकेला वाचणाऱ्या माणसांना पुढे जाऊ द्यायचं आणि यंत्राने बाजूला उभं राहायचं, अशी ही व्यवस्था आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या शंभर जणांपैकी किती जण हा आकडा आपणहून पाठवतील? बहुतेकांना नकलांचा प्रश्न असतो हेच ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक असायलाच हवं असा आग्रहही योग्य नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. क्लायंटच्या सभ्यतेवर सर्व्हरने विसंबावं कशाला? ज्याचं दार त्यानेच पहारा ठेवावा. मर्यादा ओलांडणाऱ्याला नकार द्यावा. 'फार विनंत्या होताहेत' असं सांगणारा ४२९ हा संकेत २०१२पासून प्रमाणित आहे, आणि किती वेळाने पुन्हा यायचं तेही उत्तराच्या मथळ्यात लिहिता येतं. आक्षेपात तथ्य आहे आणि प्रत्येक मोठी सेवा असा पहारा ठेवतेच. पण नकाराचा उपयोग ऐकून घेणारा असेल तरच होतो. २००३च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर विनंत्यांचा लोंढा सुरू झाला. तिथल्याच डेव्ह प्लोन्का यांनी त्याचा माग काढला आणि तो नेटगिअर कंपनीच्या काही घरगुती राउटरांपर्यंत पोहोचला. त्या राउटरांत विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरून ठेवलेला होता, आणि वेळ मिळाली नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचं अशी सूचना होती. विद्यापीठाने ती रहदारी अडवली. अडवली म्हणून उत्तर थांबलं, आणि उत्तर थांबलं म्हणून प्रत्येक राउटर दर सेकंदाला विचारू लागला. जूनमध्ये दर सेकंदाला सुमारे अडीच लाख पाकिटं त्या एका पत्त्यावर येत होती. हे राउटरातलं सॉफ्टवेअर होतं, स्क्रिप्ट नव्हती, पण तर्क तोच आहे. पहारेकऱ्याने 'नाही' म्हटल्यावर जो अधिक जोराने दार ठोठावतो, त्याच्यापुढे पहारा कितीही कडक असून उपयोग नाही. अपयश आलं तर आधी थोडं, मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट थांबायचं, आणि सगळ्यांनी एकाच ठोक्याला परत येऊ नये म्हणून त्या थांबण्यात थोडा अनियमितपणा मिसळायचा, ही युक्ती १९७०च्या दशकात इथरनेटच्या सामाईक तारेसाठी वापरली गेली. ती अमलात आणायची जागा सर्व्हर नाही. ती क्लायंटच्या बाजूलाच बसवावी लागते, आणि लाखो क्लायंटांत एकदम बसवायची तर लायब्ररीतच.

दुसरा आक्षेप शिकवणाऱ्यांचा असतो: लायब्ररी सगळं झाकून टाकते, मग मुलांना आत काय चाललंय ते कळत नाही. मला हा आक्षेप जवळचा वाटतो, कारण न कळता वापरलेल्या हत्याराचा धाक राहत नाही. म्हणूनच ४५ चिन्हांची ती माळ प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा हाताने बनवून पाहावी, धागा एकदा स्वतः पकडून पुढचं पान मागावं. पण समजण्यासाठी एकदा करणं आणि रोजच्या कामात दर वेळी हाताने करणं यांत अंतर आहे. कर्लचा तो पर्याय हाताने लिहिणारे अडाणी नव्हते. रोज तेच तेच लिहिणारा माणूस एखाद्या दिवशी चुकतो, आणि वेबवर एका दिवसाची चूक वर्षानुवर्षं चालत राहते.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. लायब्ररीवर विसंबणं म्हणजे ती सांभाळणाऱ्या अनोळखी माणसांवर विसंबणं. २०१८मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात हे दिसलं. इव्हेंट-स्ट्रीम ही अफाट वापरली जाणारी लायब्ररी मूळ लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हवाली केली, आणि त्याने तीत बिटकॉइन चोरणारं कोड घुसवलं. लोकप्रिय लायब्ररीच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून खोट्या लायब्ऱ्या टाकणारेही आहेत. शिवाय एपीआयचा मालकच मन बदलतो तेव्हा उत्तम लायब्ररीही हतबल होते: २०२३मध्ये ट्विटरने पूर्वीचा फुकट प्रवेश बंद केला आणि रेडिटने मोठ्या वापराला दर लावले, तेव्हा त्यांच्या पायथन लायब्ऱ्यांत काडीचाही दोष नव्हता. या धोक्यांवर तोडगा म्हणून विनंत्या पुन्हा हाताने लिहाव्यात, हे मला पटत नाही. तसं केल्याने एका ठिकाणची जोखीम हजार ठिकाणी वाटली जाते, आणि त्या हजार ठिकाणी ती बघणारं कुणी नसतं. पण लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हाती किती मोठी सत्ता असते, हे या घटनांवरून स्पष्ट होतं, आणि माझा मुद्दा तोच आहे.

ही सत्ता चांगल्या हातांतही अपुरी पडते. रिक्वेस्ट्सने सुरक्षिततेचा निर्णय वापरणाऱ्याच्या वतीने घेतला, पण किती वेळ थांबायचं हा निर्णय घेतला नाही. तिच्यात वेळेची डिफॉल्ट मर्यादा नाही. समोरच्या सर्व्हरने जोडणी घेतली आणि पुढे काहीच बोलला नाही, तर स्क्रिप्ट वाट पाहत बसते, रात्रभर बसू शकते. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलं आहे आणि जवळजवळ प्रत्येक खऱ्या कामात वेळेची मर्यादा घालावी असा सल्लाही आहे. पण सल्ला वाचावा लागतो, डिफॉल्ट वाचावं लागत नाही. नंतर आलेल्या एचटीटीपीएक्स या लायब्ररीने पाच सेकंदांचं डिफॉल्ट ठेवलं. रिक्वेस्ट्सच्या बाजूने सांगायचं तर, इतक्या स्क्रिप्ट तिच्यावर उभ्या असताना आता मर्यादा घातली, तर मुद्दाम सावकाश उत्तर देणाऱ्या सेवांशी बोलणाऱ्या स्क्रिप्ट एका सकाळी बंद पडतील. पहिल्या वर्षी जो निर्णय एका ओळीचा असतो, तो दहाव्या वर्षी हजारो अनोळखी लोकांच्या कामाशी बांधलेला असतो. मला एचटीटीपीएक्सचा निर्णय योग्य वाटतो. पण रिक्वेस्ट्सने आता तो बदलू नये, हेही तितकंच योग्य वाटतं.

कोणता निर्णय लायब्ररीने घ्यावा आणि कोणता माणसावर सोडावा, याची सगळ्यात प्रांजळ नोंद मला बायोपायथनच्या दस्तऐवजात दिसते. जीवशास्त्रज्ञांसाठीची ही पायथन लायब्ररी अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेच्या भांडारातून जनुकांचे क्रम आणि शोधनिबंधांचे सारांश आणून देते. एनसीबीआयचे नियम तिथे एकाखाली एक दिले आहेत. आपला ईमेल द्या, म्हणजे तुमच्या स्क्रिप्टमुळे त्रास होऊ लागला तर बंदी घालण्याआधी तुम्हाला कळवता येईल. हा न दिल्यास लायब्ररी ताकीद देते. सेकंदाला तीनहून अधिक विनंत्या करू नका, संस्थेकडून किल्ली घेतली असेल तर दहापर्यंत चालतील. २००९च्या आधी हीच मर्यादा तीन सेकंदांना एक इतकी कडक होती. हा नियम लायब्ररी स्वतः पाळते. वापरणाऱ्याने कितीही घाईने प्रश्न विचारले तरी ती मधे आवश्यक तेवढं थांबते, आणि तसं दस्तऐवजात लिहिलेलं आहे. त्याच यादीत आणखी एक नियम आहे: शंभरहून अधिक विनंत्यांचं काम असेल तर ते शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेतल्या गर्दीच्या वेळा टाळून करा. त्यापुढे लायब्ररी म्हणते, हे पाळणं तुमच्या हातात आहे.

हा फरक विचारपूर्वक केलेला आहे. दोन विनंत्यांमधलं अंतर यंत्राला मोजता येतं. काम किती निकडीचं आहे, ते रुग्णासाठी आहे की प्रबंधासाठी, हे त्याला कळत नाही. त्यामुळे 'उद्या ये' असं सांगायचा अधिकार लायब्ररीने घेतला नाही. संस्थेने सुचवलेली निवांत वेळ म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊ ते पहाटे पाच. भारतात तेव्हा, उन्हाळ्यात, सकाळचे साडेसहा ते दुपारचे अडीच असतात, आणि हिवाळ्यात साडेसात ते साडेतीन. पुण्यातल्या प्रयोगशाळेत सकाळी येऊन हजार क्रमांची मागणी लावणारा संशोधक हा नियम न वाचताही पाळतो. तीच मागणी संध्याकाळी सहाला, घरी निघताना, रात्रभर चालत राहील म्हणून लावली, तर ती तिकडे भर सकाळी, सगळे कामाला बसायच्या वेळेला जाऊन पोहोचते.